शिल्लक मालातली हत्यारं: नवशिक्याने घ्यावीत का?

सातपूरचा फिटर

आयटीआयतून बाहेर पडलेली पोरं पहिल्या पगारात ऑनलाइन चकचकीत टूल किट मागवतात. पहिल्याच घट्ट नटावर पान्ह्याचा जबडा फाकतो, आणि हे मी दर वर्षी बघतो. अरे, आपण नाशिकमध्ये राहतो! सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखादं युनिट बंद झालं, मशीन बदललं किंवा एखाद्या पार्टची ऑर्डर थांबली, की त्यासाठी आणलेले ड्रिल, टॅप (भोकात आटे पाडणारे), रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारे), इन्सर्ट (लेथच्या हत्याराची बदलायची कापणारी टोकं) सगळे लॉटने, म्हणजे एकगठ्ठा, विकायला निघतात. त्यातलं कितीतरी ग्रीस लावून कागदात गुंडाळलेलं, कोरं असतं. सीएनएमजी १२०४०८ या मापाच्या इन्सर्टची न फोडलेली डबी किलोच्या भावाने पडलेली असते, कारण त्या कंपनीत आता तो जॉबच नाही.

माझं मत ठाम आहे. धरायचं, कापायचं आणि मोजायचं हत्यार नवशिक्याने शिल्लक मालातूनच घ्यावं, कारण ते हातात घेऊन पारखता येतं. बेंच व्हाईस (टेबलाला बसवायचा शिकंजा) घेताना ओतीव लोखंडाला तडा नाही ना आणि स्क्रूचे आटे झिजले नाहीत ना, एवढं बघा. ड्रिलच्या दांड्यावर 'एम३५' कोरलेलं असेल तर त्यात ५ टक्के कोबाल्ट आहे, स्टेनलेसला टिकेल. व्हर्नियरचे (बारीक माप घ्यायच्या पट्टीचे) जबडे मिटवून उजेडाकडे धरा, फट दिसता कामा नये आणि शून्यावर शून्य बसलं पाहिजे. मग खिशातून एक नवं ६२०४ नंबरचं बेअरिंग काढून मोजा: बाहेरून ४७ मिमी, भोक २०, रुंदी १४. तिन्ही मापं जुळली तर घरच्या आणि छोट्या शेडच्या कामाला ते व्हर्नियर पुरेसं आहे.

अंबडचा वेल्डर

दादा, 'कापायचं' यात कटिंग व्हील धरत असाल तर माझा साफ विरोध आहे. आमच्या शेडमध्ये लॉटमधून आलेलं व्हील फुटून एका पोराच्या हनुवटीला टाके पडले. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. म्हणजे चाकाची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते. ते चाक रेझिनने बांधलेलं असतं. ओल लागली, वर्षं गेली की रेझिन कमजोर होतं, म्हणूनच मधल्या पत्र्याच्या रिंगवर मुदत छापलेली असते, साधारण बनवल्यापासून ३ वर्षं. लॉटमध्ये चाकं सुटी येतात, रिंगवरचं पुसलेलं असतं, वर पावसाळा खाल्लेला असतो. नवशिक्याला यातलं काय कळणार? तो भाव बघणार आणि उचलणार.

चेन ब्लॉक, स्लिंग, हूक या वजन उचलायच्या वस्तूंचंही तेच. हुकाचं तोंड थोडं उघडलंय हे सरावलेल्या डोळ्यालाच दिसतं.

सिडकोतली सर्किटवाली

मी फिटर दादांच्या बाजूने आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोजेक्टसाठी जे लागतं ते इथेच मिळतं. जुन्या मशीनमधून काढलेली स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी), २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की ओळखणारा), न्यूमॅटिक म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर. यातल्या बऱ्याच वस्तू नव्या घ्यायच्या म्हटल्या तर मुलं प्रोजेक्टच बदलतात! स्टेपर मोटर फेऱ्याला २०० पावलं टाकते, एका पावलाला १.८ अंश. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि शाफ्ट बोटांनी फिरवून ते अडखळणं जाणवणं वेगळं.

एका गोष्टीवर मात्र वेल्डर काकांशी सहमत. लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून सुटे विकलेले १८६५० सेल घेऊ नका. २.५ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पंचवटीचा हिशेबनीस

सगळे वस्तूंबद्दल बोलताय, माल येतो कुठून याबद्दल कुणीच नाही. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये का उठवला, आठवतंय ना? अनधिकृत होता. कोरी, कंपनीच्या पॅकिंगमधली इन्सर्टची डबी किलोच्या भावाने मिळते तेव्हा ती लॉटमधली आहे की स्टोअरमधून कुणी खिशात घालून आणलेली, हे घेणाऱ्याला कसं कळणार? आणि कायदा घेणाऱ्यालाही सोडत नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला जागा असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विद्यार्थ्यांना तिकडे पाठवताना हे आधी सांगा.

सातपूरचा फिटर

हिशेबनीस साहेब, मुद्दा रास्त आहे, आणि त्याला उत्तर आहे. लॉट घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे कंपनीचं बिल असतं. त्याच्याकडून घ्या, आपलंही बिल मागा. जो बिलाचं नाव काढताच बिनबिलाचा भाव उतरवून सांगतो त्याच्याकडून घेऊ नका. पण चार लोक चोरटे आहेत म्हणून गरीब घरच्या मुलाने शोरूमच्या भावातच शिकावं, हे मला मान्य नाही.

वेल्डर दादा, चाक हे हत्यार नाही, झिजणारा माल आहे. तो नवा आणि मुदतीतलाच घ्यावा, मी पोरांना तेच सांगतो.

अंबडचा वेल्डर

मग टॅपचंही सांगून टाका. जुन्या लॉटमध्ये अर्धा इंची व्हिटवर्थ (जुन्या इंग्रजी इंची मापाचे) टॅप ढिगाने असतात. दिसायला एम१२ (१२ मिमीच्या मेट्रिक आट्याच्या टॅप) सारखेच, पण त्यांना इंचात १२ आटे आणि आट्याचा कोन ५५ अंश, तर एम१२ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.७५ मिमी आणि कोन ६० अंश. त्या भोकात एम१२ चा बोल्ट एक-दोन आटे जातो आणि अडतो. पोरगं पान्ह्याने जोर लावतं आणि जॉब वाया जातो.

सातपूरचा फिटर

बरोबर. म्हणून टॅपच्या ढिगाला हात लावण्याआधी पिच गेज (आटे जुळवून बघायच्या पात्यांचा संच) विकत घ्या. ते मात्र नवं घ्या.