अनुभव धागा: ब्रिटनमध्ये कोविडच्या साथीत मैफली थांबल्या तेव्हा सरकारी मदत तुमच्यापर्यंत पोचली का?

एकताल:
परवा आवरताना 2020ची डायरी हाती लागली. मार्च ते जुलै, जवळजवळ प्रत्येक शनिवारी कार्यक्रम लिहिलेला आणि त्यावर आडवी रेघ. 16 मार्चला पंतप्रधानांनी पब, थिएटरं टाळायला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी आयोजकांचे फोन सुरू झाले.

मी तबला वाजवतो आणि आठवड्यातले तीन दिवस शाळेत शिकवतो. स्वयंरोजगारवाल्यांना सरासरी नफ्याच्या 80 टक्के रक्कम मिळणार होती, पहिल्या हप्त्यात जास्तीत जास्त 7,500 पौंड. अट अशी, की किमान निम्मं उत्पन्न स्वतःच्या व्यवसायातून हवं. माझा काटा शाळेच्या पगाराकडे जरासा झुकलेला, त्यामुळे बुडालेल्या बिदाग्या खऱ्या असूनही हिशेबात आल्या नाहीत. पगार चालू होता म्हणून माझं निभावलं. बरोबरच्या काहींचं निभावलं नाही, आणि ते अजून मनातून जात नाही.

तुमच्या वाट्याला काय आलं? रक्कम, अटी, आठवतील तशा लिहा. पडद्यामागच्यांनी तर जरूर लिहा.

फेडरवाला:
मी मॉनिटर इंजिनिअर, म्हणजे स्टेजवरच्या कलाकारांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येईल हे बघणारा. आमच्या कामात अनेकांची स्वतःची लिमिटेड कंपनी असते. पगार नावापुरता, बाकी सगळा लाभांश. स्वयंरोजगाराच्या अनुदानात आम्ही बसत नव्हतो आणि फर्लोमध्ये, म्हणजे काम थांबलेल्या नोकरदारांचा 80 टक्के पगार सरकारने द्यायच्या योजनेत, लाभांश धरत नव्हते. त्या चिमुकल्या पगाराच्या 80 टक्क्यांत घरभाडंही निघेना. सुपरमार्केटची डिलिव्हरी व्हॅन चालवली.

11 ऑगस्टची रात्र विसरणार नाही. आमच्या क्षेत्राकडे लक्ष जावं म्हणून देशभर शेकडो इमारती लाल उजेडात उजळल्या होत्या. क्रूमधले आम्ही चौघं समोरच्या फुटपाथवर उभे होतो, कोणीच बोलेना. ते दिवे लावणारेही आमच्यासारखेच, काम नसलेले.

महिनाभर आधी, 5 जुलैला, 1.57 अब्ज पौंडांचा कल्चर रिकव्हरी फंड जाहीर झाला होता, पण तो संस्थांसाठी. वास्तू वाचायला हवी हे मला मान्य आहे. पण हॉल उघडल्यावर केबल ओढायला माणूस लागतो. 2021च्या उन्हाळ्यात निर्बंध उठले, कामांचा पूर आला आणि त्या चौघांतले दोघं परत आलेच नाहीत. एक आता घरांची वायरिंग करतो. एवढा चांगला कान असलेला माणूस!

दारावरची:
फेडरवाले दादा, तुमचं वाचून गलबललं. मी दुसऱ्या बाजूची: 300 माणसांच्या हॉलची व्यवस्थापक. तुम्ही म्हणताय त्याच फंडाने आम्हाला तारलं.

अर्ज लिहायला तीन आठवडे लागले. साथीच्या आधी आपलं नीट चाललं होतं हे दाखवायचं आणि आता मदतीशिवाय बुडू हेही. पुढच्या महिन्यांत रोख पैसा किती येईल-जाईल याचा तक्ता द्यायचा. दार कधी उघडणार हे तर कोणालाच सांगता येत नव्हतं. रात्री बारा-बारापर्यंत मी तीन वेगवेगळे तक्ते मांडत बसायची. ज्या हॉलकडे असं लिहिणारं माणूस नव्हतं, त्यांचं काय झालं असेल?

मधल्या ऑगस्टमध्ये अंतर ठेवून कार्यक्रमांना परवानगी मिळाली. 300च्या जागी 70 खुर्च्या. तिकिटांवरचा व्हॅट 20 वरून 5 टक्क्यांवर आणला होता, पण 70 तिकिटांवर तो वाचून वाचणार किती?

पैसे आल्यावर आधी थकलेलं भाडं चुकतं केलं. मग रिकाम्या हॉलमधून ऑनलाइन कार्यक्रम सुरू केले. वादकांना आणि साउंडवाल्यांना नेहमीचा पूर्ण दर द्यायचा, यावर मी अडून बसले. सहा रात्री झाल्या. अनुदानातला पैसा आमच्यामार्फत तुमच्यासारख्यांपर्यंत पोचला तो तेवढाच.

शेवटची रांग:
मी फक्त ऐकणारी. रद्द झालेल्या चार तिकिटांचे पैसे परत मागितले नाहीत, एवढंच करता आलं.

एकताल:
दारावरची ताई, सध्या कसं चाललंय? छोट्या संगीत-जागांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेच्या आकड्यांनुसार 2023 या एका वर्षात अशा 125 जागा बंद पडल्या. म्हणजे साथ ओसरल्यावर!

दारावरची:
टिकून आहोत. साथीत निदान सगळ्यांना संकट दिसत होतं. नंतर वीजबिल आणि भाडं वाढत गेलं, ते बाहेरच्यांना दिसत नाही. 2024मध्ये संसदीय समितीने सुचवलं, की मोठ्या अरीना आणि स्टेडियमच्या तिकिटांतला थोडा वाटा छोट्या जागांना द्यावा. सरकारने तो ऐच्छिक ठेवला. तो सक्तीचा व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. आज स्टेडियम भरवणारे कितीतरी जण आमच्यासारख्या हॉलमध्येच उभं राहायला शिकले.

फेडरवाला:
ताई, त्या सहा रात्रींबद्दल कळलं असतं तर धावत आलो असतो. तो वायरिंगवाला मित्र अधूनमधून विचारतो, कुठे एखादी रात्र मिळेल का. तुमच्याकडे काही निघालं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल?

दारावरची:
केलाय. पुढच्या महिन्यात दोन रात्री आहेत, दोघंही या.