मदत हवी आहे: जॉर्डन ३ चा रेट्रो जोड रोज घालण्यासारखा आहे का?

मंडळी, नाइकीच्या एअर जॉर्डन ३ या बास्केटबॉल बुटाचा नवा रेट्रो (जुन्या डिझाइनचा, पुन्हा काढलेला) जोड घ्यायचा विचार आहे. मूळ बूट १९८८ चा, टिंकर हॅटफिल्डने डिझाइन केलेला. टाचेतली हवेची पिशवी बाहेरून दिसणारा हा पहिला जॉर्डन. दिसायला प्रश्नच नाही, पुढची-मागची ती करडी एलिफंट प्रिंट (हत्तीच्या कातडीसारखी नक्षी) बघितली की मन हरखतं. पण मला तो कपाटात मिरवायचा नाहीये, रोज ऑफिसला आणि भटकायला घालायचाय.

खरी शंका सोलची. मिडसोल, म्हणजे सोलचा मधला मऊ थर, पॉलीयुरेथेन फोमचा असतो, आणि दमट हवेत तो आतून भुसभुशीत होतो. न वापरता डब्यात ठेवलेले जोडही काही वर्षांनी पहिल्याच चालण्यात तुटतात म्हणे. मग नियमित वापरलं तर जास्त टिकतो का? डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून काही फरक पडतो का?

आणखी एक. माझा पाय पुढे रुंद आहे. नेहमीचा साइज घ्यावा की अर्धा मोठा? मोठा घेतला तर टाच निसटेल अशी भीती वाटते. लेदर पायाला सरावायला किती वेळ घेतं? दिवसभर उभं राहून वजन जाणवतं का?

ज्यांनी खरोखर झिजवलाय त्यांनीच सांगा, फक्त फोटो काढणाऱ्यांनी नको!