डिजिटल चित्र म्हणजे 'नुसती प्रिंट' का?

केळीची_बाग (जळगाव): मागच्या महिन्यात एका प्रदर्शनाला चित्र घेऊन गेले होते. आजी तुरकाठ्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजतेय, असं. टॅब्लेटवर काढलेलं, तीन आठवडे रोज रात्री जागून. आपलं हिरवट वांगं काळं पडण्याआधी क्षणभर पिवळसर तपकिरी दिसतं ना, त्या एका रंगापायी चार रात्री गेल्या. टेबलावरच्या गृहस्थांनी चित्र उलटं केलं, मागून नख फिरवलं आणि म्हणाले, "ही तर प्रिंट. ओरिजिनल आणा." आता ओरिजिनल कुठून आणू? पेनड्राइव्ह भिंतीला टांगू?

खडूफळा (धुळे): ताई, मेहनतीबद्दल शंका नाही. पण मी सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवतोय. ओल्या कागदावर जलरंग सोडला की तो परत घेता येत नाही. हात आखडतो, श्वास थांबतो. तुमच्याकडे अनडू आहे, दोन बोटांनी स्क्रीनवर टकटक केलं की चूक मागे घेता येते. माझा एक इंटरमिजिएटचा पोरगा परवा कागदावर चुकला आणि दोन बोटांनी कागदावरच टकटक करायला लागला!

गिरणाकाठ: सर, पोराचं खरंय 😄 पण चुकलेला तैलरंगही खरवडून परत लावतातच की. तो बाद करायचा का? आपल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस बघा. आयुष्याचा मोठा काळ घराबाहेर न पडता टेबलावर वस्तू मांडून त्यांनी टेबल-टॉप फोटो काढले. बटण दाबलं की फोटो येतो, यात कसली कला, असं कॅमेऱ्यालाही म्हणून झालंय. आज तेच घर आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो.

खडूफळा: मूस यांचं नाव असं सोपं वापरू नका. ते चित्रंही काढत, शिल्पंही करत. ती बैठक असलेल्या माणसाच्या हातात कॅमेरा आला होता. आज ॲपमधला 'वॉटरकलर' ब्रश ओढणाऱ्यानं खरा ओघळ कधी पाहिलेलाच नसतो. माझं भांडण यंत्राशी नाही, या आयतेपणाशी आहे.

तापीवरचा: ओरिजिनलवरून आठवलं. भुसावळला रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकारी-चित्रकाराची कबर आहे. 1844 पासून हा माणूस अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करत होता. कॅनव्हास लंडनला गेले आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शन-इमारतीला 1866 मध्ये लागलेल्या आगीत बहुतेक सगळे खाक झाले. गिलनं त्याआधीच कॅमेराही हाती घेतला होता, हे मला फार बोलकं वाटतं. एकुलतं एक असण्याचं कौतुक करताना ही बाजूही धरा.

नुसता_वाचक: एआयला सांगून दहा सेकंदांत काढतात, तेही याच रांगेत बसवायचं का?

केळीची_बाग: नाही हो. माझी प्रत्येक रेघ हातानं ओढलेली आहे, पेन दाबला तर जाड, सोडला तर बारीक. चित्राचे त्रेचाळीस लेयर, म्हणजे एकावर एक काढलेले थर आहेत, उघडून दाखवते. एआयचा वेगळा धागा काढा.

रंगारी_अमळनेर: मी ट्रक आन दुकानाच्या पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आला, दोन वर्षांत ब्रश कडक झाले. तेव्हा कोन्ही म्हटलं नाही की कला मरते आहे. आम्ही कारागीर, ना! आता टॅब्लेटवाल्या कलाकार का नाहीत म्हनून भांडताय. भांडा. पन त्या रांगेत आमचा नंबर आधीचा शे भो.

गिरणाकाठ: दादा, हे मात्र लागलं.

केळीची_बाग: मला एक सुचतंय. एचिंग, लिनोकटवाले, म्हणजे हातानं प्लेट कोरून छापणारे, ठरावीक प्रती काढून पेन्सिलीनं 3/20 (वीसपैकी तिसरी) असा नंबर घालतात, आणि त्या छापांना कुणी नुसती प्रिंट म्हणत नाही. मीही चांगल्या कागदावर दहाच प्रती काढीन, खाली सही.

खडूफळा: काढा. पण ते लोक प्रती झाल्या की प्लेटवर चरा मारतात, म्हणजे अकरावी निघत नाही. तुम्ही फाइल पुसणार?

केळीची_बाग: ...नाही पुसणार सर. आजी आहे ती.

खडूफळा: मग दहा कशाला म्हणता?

रंगारी_अमळनेर: पुसू नको बेटा. फाइल माले धाड. घराच्या भितीवर ऑइलपेंटमा काढस. मंग सर, तुम्हीच सांगा, ओरिजिनल कोनं? तिनं का मनं?