हेऊरिस्टिकला मराठीत काय म्हणायचं? ठोकताळा चालेल का?

रावपुरा_कट्टा:
मंडळी एक मदत हवीये. आमच्याकडे बडोद्यात युनिव्हर्सिटीत, तो मोठा घुमट आहे ना आर्ट्स फॅकल्टीचा, तिथे मानसशास्त्र आणि अर्थशास्त्रवाल्यांचं एकत्र सेमिनार चालू आहे, माणूस निर्णय कसे घेतो ह्यावर. बोलणं सगळं इंग्रजी नाहीतर गुजरातीत. आणि मी उत्साहात वाचनालयातल्या ज्येष्ठ मंडळींना सांगून बसलेय की ह्यातलं थोडं तुम्हाला मराठीत सांगते. आता गाडी अडलीये हेऊरिस्टिकवर. कानमन आणि ट्वर्स्की ह्या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा जो गाजलेला लेख आहे त्यात हा शब्द पावलोपावली येतो. पूर्ण हिशोब न करता मन जो शॉर्टकट मारतं, तो. बीएडला आम्हाला ह्याच शब्दासाठी "स्वयंशोधन" शिकवलेलं, पण ते इथे बसतच नाही. मला "ठोकताळा" सुचतोय. चालेल का?

मांडवी_७८:
स्वयंशोधन चुकीचं नाही ताई, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शोधणं असाच आहे, आर्किमिडीजचं "युरेका" त्यातलंच. फक्त ते शाळेतल्या पद्धतीसाठी ठीक, मूल स्वतः शोधून शिकतं वगैरे. तुमच्या कामाचं नाही.
मी म्हणतो सरळ अंदाजपंचे म्हणा की! आपल्याला दाहोद पण जवळ :)

इंदूरी_पोहे:
हाहा. पण काका दाहोदचा त्यात काही संबंध नाहीये हां, दाहोदरसे म्हणजे एकशे दहा, दहा उत्तर शे. बावीस पंचे दाहोदरसे हा पाढा आहे, बावीसच्या जागी "अंदाज" घातला की झाली गंमत. म्हणजे बघा, पाढा म्हणण्याचा आवेश पूर्ण आणि आकडाच गायब.

रावपुरा_कट्टा:
अरे हे भारी आहे, कारण त्या लेखात एक प्रयोग अगदी पाढ्यांसारखाच आहे. शाळेतल्या मुलांना पाच सेकंदांत गुणाकाराचा अंदाज करायला सांगितला, एका गटाला आठ गुणिले सात गुणिले सहा असं खाली एकपर्यंत, दुसऱ्याला तेच उलटं, एकपासून आठपर्यंत. उत्तर एकच ना? पण आठपासून सुरू करणाऱ्यांचा मधला अंदाज आला २,२५० आणि एकपासूनवाल्यांचा ५१२. खरं उत्तर ४०,३२०! पहिले दोन-तीन आकडे गुणून झाले की मन तिथेच नांगर टाकतं आणि मग थोडंसंच वर सरकतं. त्यांचा अँकरिंग हा शब्द, त्याला नांगर टाकणं म्हणायचं ठरवलंय मी, त्यावर वाद नको प्लीज. (शेतातला नांगर डोळ्यासमोर येतो हे मला माहितीये.)

दांडिया_बाजार:
ठोकताळ्याला माझा विरोध. ताळा म्हणजे काय? हिशोब झाल्यावर तो बरोबर आहे का ते तपासणं. शाळेत भागाकाराचा ताळा करायचो, ताळेबंदातला ताळा पण तोच. ताळा नंतर येतो. आणि हेऊरिस्टिक तर हिशोबाच्या आधी, किंबहुना हिशोबाऐवजीच येतं. मग अर्थ उलटाच झाला की.

इंदूरी_पोहे:
फोड तुम्ही बरोबर केलीत पण शब्द आता तिथे राहिलेला नाही ना. "पाऊस कधी येईल ह्याचे त्यांचे ठोकताळे आहेत" असं म्हणतो तेव्हा कोण ताळा करतंय? अनुभवातून आलेला ढोबळ नियम, बरेचदा बरोबर येणारा, कधीकधी फसणारा. हेऊरिस्टिकची व्याख्या अजून काय वेगळी असते. आणि अनेकवचन सहज होतं, ठोकताळे, हे मला तरी फार महत्त्वाचं वाटतं, "स्वयंशोधने" म्हणून दाखवा बरं कोणी.

अंदाजपंचेला मात्र माझाही नकार. तो शब्द टिंगलीचा आहे, आणि हेऊरिस्टिक म्हणजे चूक असं नाही. गीगरेंझर म्हणून जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत ते ह्यावरच कानमन मंडळींशी वर्षानुवर्षं भांडले. त्यांचं आवडतं उदाहरण कॅचचं. उंच उडालेला बॉल कुठे पडेल ह्याचं गणित फील्डर करत बसत नाही, बॉलवर नजर ठेवतो आणि नजरेचा कोन बदलू नये अशा बेताने धावतो, बॉल आपोआप हातात. मोतीबागेवर मॅच बघितलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. त्या फील्डरला अंदाजपंचे म्हणणार का तुम्ही?

दांडिया_बाजार:
कॅच सुटला तर म्हणेन.
बरं ठोकताळा घ्या, पण मग बायसला, म्हणजे त्या ठोकताळ्यांमुळे मन एकाच बाजूला चुकत राहतं त्याला, काय? पूर्वग्रह नको कृपा करून. पूर्वग्रह म्हटलं की लोकांना जातपात, सासू-सून असलं आठवतं, मनात आधीच धरलेली अढी. आठ गुणिले सात करणाऱ्या पोराच्या मनात कसली आलीये अढी.

रावपुरा_कट्टा:
हो तेच. "कल" कसा वाटतो? तराजू एका बाजूला कललेला असतो तसा. ठोकताळे आणि मनाचे कल.

मांडवी_७८:
कल चांगला आहे पण निवडणुकीच्या दिवशी नको :)
गंमत सांगू का, आपल्या सयाजीराव महाराजांनी हे काम केव्हाच करून ठेवलंय. श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु, १९३१ चा, राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसीत शब्द. तुमचा हेऊरिस्टिक त्यात नसणार, तो कचेरीचा शब्द नाही, पण पद्धत बघा, एका शब्दासमोर शेजारच्या भाषा काय म्हणतात ते मांडून मग ठरवायचं. आपण बडोदेकर मराठी गुजरातीकडे बघतच नाही, जसं काही शेजारी राहातच नाही.

रावपुरा_कट्टा:
काका मग हे घ्या. हर्बर्ट सायमन, १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल, त्यांचं म्हणणं की माणूस सगळ्यात उत्तम पर्याय शोधत नाही, पुरेसा बरा मिळाला की थांबतो, कारण वेळ, माहिती, डोकं सगळंच मर्यादित. ह्याला त्यांनी समाधान आणि पुरेसं ह्या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून एक नवाच शब्द केला, सॅटिस्फायसिंग. सेमिनारात सर दहा मिनिटं तो समजावत होते आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, सर, "चालशे", गुजरातीत चालेल. सगळा वर्ग हसला पण अर्थ तोच आहे!! मराठीत "भागतंय" म्हणता येईल, पण चालशेची सर नाही.

इंदूरी_पोहे:
चालशेच ठेवा. इंदूरात आमच्याकडे "चलेगा भिया".
आणि संक कॉस्ट, म्हणजे एकदा गेला तो परत न येणारा पैसा, येणार असेल तर "अक्कलखाते" वापरा, बुडीत खर्च नको, बँकवाले रिटायर्ड असतील तर त्यांना थकलेली कर्जं आठवतील. गेलेले पैसे अक्कलखाती जमा केले म्हणजे ते आता परत मोजायचे नाहीत, थिअरी तेच तर सांगते.

दांडिया_बाजार:
अक्कलखात्यात अक्कल आली हे गृहीत आहे. संक कॉस्टच्या प्रयोगात तर लोकांना अक्कल येतच नाही, पैसे भरलेत म्हणून रटाळ नाटक शेवटपर्यंत बघतात. तो खर्च अक्कलखाती टाकता येत नाही हाच तर रोग. म्हणून खर्चाला बुडीत खर्च म्हणा आणि उपायाला अक्कलखाते, दोन्ही शब्द लागतील.

रावपुरा_कट्टा:
हे पटलं, घेतलं. आता नज राहिलाय, सक्ती न करता माणसाला बऱ्या पर्यायाकडे हळूच वळवणं, अर्थशास्त्रज्ञ थेलर ह्यांचा, २०१७ चं नोबेल. कोपराने हळूच ढोसणं असा मूळ अर्थ, पण कोपरखळी म्हटलं तर टोमणा होतो. कोणाला काही सुचतंय का? शनिवारच्या आत सांगा.