बाईंनी टँकर मोजले तेव्हाची गोष्ट

दादा, तुम्ही म्हणता शाळेतली बाई अन् त्यात डाळमिल चालवणारी, तिला विरोधी पक्षाचं राजकारण काय झेपणार, तर मला हे अजिबात पटत नाही. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या बाई मी जवळून बघितल्यात. विनाअनुदानित शाळेत कित्येक वर्षं गणित शिकवलं, पगाराचा पत्ता नाही, मग नोकरी सोडून घरामागं मिनी डाळमिल टाकली, तुरीचा भाव, उधारी, बँकेचा हप्ता सगळं स्वतः सांभाळलं. ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिका-महापालिकांत १/३ जागा बायांना मिळाल्या अन् २०११ ला महाराष्ट्रात ५० टक्के झाल्या म्हणून तिकीट मिळालं हे खरंच, पण पुढचं काम आरक्षणानं नाही केलं.

२०१६ चा उन्हाळा आठवा, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं तो. तेव्हा बाई नगरसेविका, पण विरोधी गटात, अन् पहाटे पाचला टँकर भरायच्या फिलिंग पॉइंटवर हजेरीपटासारखी वही घेऊन उभ्या, टँकरचा नंबर, वेळ, ड्रायव्हरची सही. लोक म्हणायचे, "बाई काय करूलालेत, टँकर मोजूलालेत!" सभेत टँकरच्या खेपांचं बिल आलं तेव्हा त्यांनी आवाज पण चढवला नाही, वही उघडून एकेक खेप वाचत गेल्या, बिलातल्या खेपा जास्त निघाल्या अन् ते बिल तिथंच अडलं. हे वर्गात हजेरी घेणाऱ्या अन् गिऱ्हाइकाची उधारी लिहिणाऱ्या बाईलाच सुचतं हो. पुढच्या सभेला गल्लीतल्या दहाबारा बाया रिकाम्या घागरी घेऊन त्यांच्यामागं गेल्या, त्यात माझी आई पण होती.