स्पिती सायकलने, तंबू घेऊन, सोबत गाडी नाही: शिमल्याकडून की मनालीकडून?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि धाकटा भाऊ हिमाचलातल्या स्पितीला निघतोय. बॅकअप गाडी नाही, गाईड नाही. दोघांच्याही हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइक) आहेत, दोघांत एक तंबू आणि थंडीच्या स्लीपिंग बॅगा. त्र्यंबक, कसारा, भंडारदरा सामान लादून फिरून झालंय. भाऊ म्हणतो मनालीहून चढू, कुंझुमची खिंड करून काझा (स्पितीतलं मुख्य गाव) गाठू आणि तिथून बसने परत येऊ, म्हणजे सुट्टी पुरेल. मला शिमल्याकडून जावंसं वाटतंय. घरात रोज यावरून वाद चाललाय. शिवाय चूल बरोबर न्यायची की ढाब्यांवर भागतं? तंबू कुठे लावू देतात? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.

पसरणीघाट (वाई)

ताई, शिमल्याकडूनच जा. भावालाही हे वाचायला द्या.

मनालीहून निघालात तर दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच तुमचा मुक्काम बातलला पडतो, म्हणजे चार हजार मीटरच्या आसपास. सकाळी उठून लगेच कुंझुम, साडेचार हजारांच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. सह्याद्रीत कितीही घाट मारले तरी पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही. ती तिथे राहूनच लागते. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये, असं डॉक्टर सांगतात. मनालीच्या बाजूने हे पाळायला जागाच नाही. डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, चालताना तोल जायला लागला, तर मागे रोहतांगची खिंड आणि पुढे कुंझुमची.

शिमल्याकडून तो रस्ताच तुम्हाला हळू हळू वर नेतो. नारकंडा २,७०० मीटर, तिथून सतलजच्या काठी रामपूरला पार हजारापर्यंत खाली. मग नदी धरून किन्नौरमधून चढत जायचं. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि पूल ओलांडला की नाकोची चढण लागते. हा दिवस मोठा आहे. वळणामागून वळणं, सावलीला झाड नाही, त्यामुळे खाबच्या आधीच सगळ्या बाटल्या भरून घ्या. नाको साधारण ३,६५० मीटरवर, आणि पुढचा ताबो ३,२८० वर. म्हणजे उंच जाऊन पुन्हा खाली येऊन झोपता, शरीराला हेच हवं असतं. ताबोला एक दिवस जास्तीचा काढाच. तिथला गोंपा (बौद्ध मठ) इ. स. ९९६ चा. बाहेरून नुसत्या मातीच्या बुटक्या भिंती, आत गेलं की अंधार, आणि डोळे सरावले की चारी बाजूंनी चित्रं दिसायला लागतात. फोटो काढू देत नाहीत ते बरंच आहे, माणूस नीट बघतो तरी.

सुट्टी कमी असेल तर मनालीची बाजू धरू नका, खालचा भाग कापा. शिमल्याहून किन्नौरमधल्या रेकाँग पिओला एचआरटीसीची (हिमाचलच्या एसटीची) बस आहे, सायकल टपावर बांधून मिळते. (स्वतः वर चढून बांधा, गिअर बदलणाऱ्या डिरेलरची बाजू वर ठेवून.) पिओ ते काझा साधारण दोनशे किलोमीटर, काझा ते मनालीही जवळपास तेवढंच.

आता पाण्याचं, कारण या रस्त्यावर मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. कुंझुम उतरलात की बातल ते छत्रू तीस-बत्तीस किलोमीटर. नकाशावर उतार दिसतो, म्हणून बरेच जण बातलला जेवून आरामात निघतात. तसं करू नका. बीआरओचं (सीमा रस्ते संघटनेचं) काम तिथे सुरू असतं, काही पट्टे सुधारलेतही, पण रस्त्यावरून वाहणारे नाले हिमनद्यांचं पाणी आणतात आणि ऊन चढेल तसं ते वाढत जातं. दुपार ते संध्याकाळ सगळ्यात जास्त, पहाटे सगळ्यात कमी. छत्रूच्या अलीकडे एकदा आम्ही अशाच एका नाल्याच्या अलीकडे थांबून तंबू टाकला. संध्याकाळी पाणी सिमेंट कालवल्यासारखं करडं होतं आणि आत दगड एकमेकांवर आपटत जाताना ऐकू येत होते. पहाटे तोच नाला घोट्याच्या जरा वर, तळ दिसत होता आणि काठच्या दगडांवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. पाच मिनिटांत पलीकडे गेलो. लख्ख ऊन पडलेल्या दिवशी पाणी आणखी वाढतं, ढगाळ दिवशी कमी. तेव्हा बातलहून उजाडताच निघा, मग चहा छत्रूला प्या.

ओलांडताना बॅगा काढून आधी पलीकडे नेऊन ठेवा. बूट पायातच ठेवा, अनवाणी अजिबात नको. सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा, म्हणजे पाण्याने ओढली तरी तुमच्यावर येणार नाही. आणि गेलीच हातातून तर जाऊ द्या.

तंबूबद्दल: गावाजवळ असाल तर विचारून लावा, मटार-जवाच्या शेतात नको. दरडीच्या पायथ्याशी आणि नाल्याच्या पात्रात तर नकोच. चंद्रताल ४,२५० मीटरवर आहे, २००५ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतलं पाणथळ क्षेत्र. तळ्याच्या काठावर मुक्कामाला बंदी आहे, कॅम्पची जागा दोन-तीन किलोमीटर अलीकडे. कोणी बघत नाही म्हणून काठावर तंबू टाकणारे भेटतात, वाईट वाटतं. तुम्ही तसं करू नका एवढीच विनंती.

तंबूवाला (ठाणे)

वरच्या सगळ्याला +१. खाण्याबद्दल माझं मत: चूल न्या, पण डाळ-तांदळाच्या भानगडीत पडू नका. चार हजार मीटरवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि इंधन मात्र संपतं. घरून भाजलेलं बेसन नेलं तर उकळत्या पाण्यात पिठलं होतं. मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू, भाजक्या पोह्यांचा चिवडा. गॅसचे डबे विमानात आणि रेल्वेत चालत नाहीत. पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह असेल तर काझाला पंप आहे. दुपारचं जेवण ढाब्यावर, राजमा-चावल जवळपास सगळीकडे मिळतो.

पसरणीघाट (वाई)

तंबूवाला दादांचं पटलं. एकच भर: कुंझुमच्या अलीकडचं लोसर गाव सोडलं की बातलपर्यंत काही मिळेल असं धरू नका आणि मोबाईलच्या रेंजच्या भरवशावर राहू नका. दीड दिवसाचं खाणं जवळ हवं. सप्टेंबर संपत आला की ढाबे आवरायला लागतात, म्हणून काझात आलेल्या ड्रायव्हरांना विचारा, बातलला कोण आहे अजून. त्यांच्याइतकी ताजी खबर कुठे मिळत नाही.

गोदाकाठ (नाशिक)

मनापासून आभार! भावाने वाचलं, रोहतांग-कुंझुमच्या वाक्यावर गप्प झाला. पिओपर्यंत बस नक्की. काझाला दोन रात्री राहून लांगझा-कोमिक रिकाम्या सायकलने करायचं ठरतंय. आता सुटे भाग काय काय घेऊ? आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का?

पसरणीघाट (वाई)

लांगझा-कोमिक अगदी योग्य. कोमिक साडेचार हजारांच्या वर आहे आणि झोपायला परत काझाला येता, त्यामुळे कुंझुमची तयारी आपोआप होते.

डायमॉक्स तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. घेतलीत तरी लक्षणं दिसल्यावर खाली उतरायचंच.

सुटे भाग: मनालीपर्यंत सायकलचं दुकान नाही असं समजून चला. डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी) दोघांचा वेगळा असतो, आपापल्या मॉडेलचा घ्या, हा तिथे कोणाकडेच मिळणार नाही. ब्रेक पॅडच्या दोन-दोन जोड्या, मेटलचे, कारण रेझिनचे त्या रेती-चिखलात पटकन झिजतात. ट्यूबलेस असाल तरी दोन ट्यूब, चेनचे क्विक लिंक, झिप टाय. कॅरियरचे बोल्ट थ्रेडलॉक (बोल्ट ढिले होऊ न देणारा गोंद) लावून बसवा आणि रोज संध्याकाळी हाताने तपासा, बातल-छत्रूच्या दगडांत पहिले तेच ढिले होतात. मागच्या कॅसेटची (गिअरच्या चकत्यांच्या संचाची) सगळ्यात मोठी चकती किती दातांची आहे? ४२ पेक्षा लहान असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. त्र्यंबकला चालतं ते नाकोच्या चढावर सामानासकट चालणार नाही. फोटो टाका, बघून सांगतो.