वाई-मेणवली वाटेत उरकावं की मुक्काम करावा?

मुक्ता_नाशिक: डिसेंबरात आईला घेऊन पुण्याहून महाबळेश्वरला निघालेय. आईचं माहेर वाड्यातलं, त्यामुळे जुनी बांधकामं म्हटलं की ती हरखते. पण गुडघे दुखतात, फार चढउतार झेपत नाही. वाई-मेणवली तासाभरात होईल का?

घाटवाट: ढोल्या गणपतीचं दर्शन तासाभरात आरामात होतं. आम्ही दरवेळी तेवढंच करून पसरणी घाट चढतो. शनिवार-रविवार मात्र टाळा.

गणपतीआळी: ताई, तासाभरात उरकू नका, ही कळकळीची विनंती. मी वाईतच वाढलोय. गाड्या येतात, लोक हात जोडतात, घाटावर फोटो काढतात आणि निघून जातात. खरी गंमत देवळाच्या मागे आहे, तिकडे कुणी फिरकतच नाही.

गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ १७६२ मध्ये बांधलं, अगदी नदीपात्राला लागून. पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार केली. दर्शन झालं की वळसा घालून मागे या आणि त्या टोकावरून हात फिरवा. धरण नव्हतं तेव्हाची कृष्णा गवंड्याने किती नीट ओळखली होती, ते तिथं कळतं. शेजारच्या काशीविश्वेश्वराचा काळ्या पाषाणाचा नंदीही आईंना दाखवा. त्याच्या गळ्यातल्या माळा निवांत बघण्यासारख्या आहेत.

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा सहा चौकी वाडा तिथंच. पेशवाईच्या अभ्यासकांना ज्याचा मोठा आधार, ते मेणवली दप्तर, म्हणजे नानांच्या जुन्या कागदपत्रांचा संग्रह, याच वाड्यातलं. वाडा खासगी आहे, म्हणून आत जाता येईल का ते आधी गावात विचारा. गेलात तर भिंतींवरची फिकट झालेली चित्रं आईंना जवळून बघू द्या. मागे घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे, तिथंच मोठी घंटा टांगलीय. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ती. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलीय. खाली कृष्णा, बाजूला महादेव आणि घंटेवर मेरी! लहानपणापासून बघतोय, तरी दरवेळी पाय थांबतोच.

घाटाच्या पायऱ्या आईंना उतरायला लावू नका, वरूनही छान दिसतं. जमलं तर वाईत एक रात्र राहा.

मुक्ता_नाशिक: मुक्काम पक्का केला! दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळा वेळ आहे, फार चालावं लागणार नाही असं आणखी काही?

गणपतीआळी: मग धोमला जा. नरसिंहाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराचं दगडी टाकं आहे, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. काठावर उभं राहूनच सगळं दिसतं. आणि पुण्याहून जरा लवकर निघा, खंबाटकी घाटात ट्रकांमागे अडकलात तर मेणवलीला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं.